मागच्या बाजूचे तीन ठिपके

धाकटी : दादा, माझ्या स्वयंपाकघरासाठी बनवलेला हा गॅसगळतीचा भोंगा जन्मात वाजायचा नाही.

दादा : काहीतरीच! आईकडे बसवलाय त्याचाच हा जुळा भाऊ.

धाकटी : भिंगातून बघ. बोर्डाच्या मागे हे तीन ठिपके. मधला तू डावीकडच्याला सोल्डरने जोडलायस. म्हणजे गॅस गळाला तरी नुसता लाल दिवा लागणार. आवाज हवा तर उजवीकडचा जोडायचा.

दादा : अगं, नकाशात चक्क डावा दाखवलाय!

धाकटी : नकाशा पुढून काढलाय, शहाण्या! बोर्ड पालथा घातला की डाव्याचं उजवं होतं.

दादा : अरे देवा.

धाकटी : वाजवून नाही पाहिलास?

दादा : बाळ नुकतंच झोपलं होतं. आवाज नको म्हणून भोंग्याची वायर काढून ठेवलेली. दिवा लागला, म्हटलं झालं काम.

धाकटी : आणि आईचा?

दादा : त्याच दुपारी केला. शेजारी ठेवून.

धाकटी : दादा, तिला वास येत नाही!

दादा : माहितेय गं! तू लाव फोन.

धाकटी : उचलत नाहीये… आई! कुठे आहेस?

आई : स्वयंपाकघरात. केवढ्यांदा ओरडतेस!

दादा : आई, भोंग्यावर दिवा लागलाय?

आई : लागलाय की. लाल. म्हणजे चालू आहे ना तो?

धाकटी : शेगडी बघ! आधी शेगडी!

आई : बंद आहे गं. मघाशी दूध उतू जाऊन विझली, तेव्हाच मी… अगं बाई!

दादा : काय झालं?

आई : बटण अर्धवटच फिरलंय रे.

दादा : बंद कर! दिव्याला, पंख्याला हात लावू नकोस. खिडकी उघड आणि बाहेर हो!

आई : चप्पल तरी—

दादा : चप्पल गेली खड्ड्यात! बाहेर हो आधी!

(फोनवर दार आपटल्याचा आवाज.)

आई : जिन्यात आलेय. लायटर हातातच राहिला बघ माझ्या. दूध पुन्हा तापवणार होते.

धाकटी : आई गं…

दादा : आई, ऐक, मी तो भोंगा…

आई : नाही रे, तुझं काही चुकलं नसणार. काल मीच तो ओल्या फडक्याने पुसला.