हरकतीचे कारण

शस्त्रपरवाना कचेरीच्या बाकावर एक घड्याळजी नूतनीकरणासाठी प्रतीक्षा करीत होता. शेजारच्या भावाबहिणीचा संवाद त्याच्या कर्णपथावर अनाहूतपणे येत राहिला.

“दादा, सही कर. ‘माझी हरकत नाही’ एवढंच लिहिलंय.”

“आहे ना हरकत! थोरला मी, आणि बाबांची रायफल तुझ्या नावावर?”

“परवाना एकाच वारसाला मिळतो. बाबांनी माझं नाव सुचवलंय.”

“तू लाडकी ना!”

“तू बंदुकीच्या बाराचा आवाज ऐकून पळाला होतास.”

“आठ वर्षांचा होतो गं! बाबांनी पुन्हा एकदा तरी विचारायचं. तुला दर रविवारी खांदा धरून शिकवायचे, मी खिडकीतून बघायचो.”

“सही केली नाहीस तर रायफल सरकारजमा होईल.”

“होऊ दे की! तुलाही नको, मलाही नको.”

“अहो, हरकत असेल तर कारण लिहा,” कारकून खेकसला.

दादाने पुष्कळ वेळाने लिहिले, ‘मला कधीच शिकवली नाही.’

“हे नियमात बसत नाही.”

“माझ्याजवळ दुसरं नाही.”

“मग ते खोडा आणि सही करा.”

दादाने सही केली. खोडले मात्र नाही.