दोन रविवारांची रजा

(पाळकांच्या घरची पुढची खोली. टेबलावर अर्धवट भरलेली बॅग.)

पाळक : ...आणि वस्तीवरच्या आजी अंथरुणाला खिळल्यात. त्यांना वाचून दाखवायचं ते उजव्या कानाशी. डाव्यानं ऐकू येत नाही.

सर : दाखवीन.

पाळक : चर्चचा पत्रा कोपऱ्यात गळतो. पाऊस आलाच तर बाजाची पेटी हलवायची.

सर : अरे, आख्खा जन्म पाळकी केली मी. पेटी हलवता येते मला. निवृत्त झाल्यापासून हेच तर चाललंय. एकट्यानं चर्चची मंडळी ओढणाऱ्याला विश्रांतीला पाठवायचं आणि त्याच्या जागी उभं राहायचं. दोन रविवारांचा प्रश्न आहे. तू बॅग भर.

बायको : मी भरतेय, सर. हे उपसताहेत. एकच शर्ट सकाळपासून दोनदा कपाटात परत गेलाय.

पाळक : मी रजा मागितली नव्हती. कुणी मागितली, ते तरी कळू दे.

सर : तुझ्याच मंडळीतून फोन आला.

पाळक : म्हणजे सुतारकाकूंच्या दफनाचं तुमच्यापर्यंत पोचलं.

सर : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

बायको : मी सांगते. तीन गावांच्या मंडळ्या यांच्या एकट्याच्या गळ्यात. त्यात लागोपाठ दफनं. काकूंच्या कबरीपाशी हे प्रार्थनेला उभे राहिले, आणि काकूंचं नावच आठवेना.

पाळक : इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायलो. तोंड उघडलं आणि नाव नाही. सगळे बघताहेत. शेवटी सुतारकाकांनी हळूच सांगितलं. स्वतःच्या बायकोचं नाव, मला. आता त्यांना दुसरा पाळक हवा असेल, तर त्यांचं काय चुकलं?

सर : फोन सुतारानंच केला होता.

पाळक : वाटलंच मला.

सर : काय म्हणाला ते तर ऐक. म्हणाला, 'बायको आजारी होती तेव्हा पाळकसाहेब तिच्या उशाशी जागायचे, म्हणून माझा डोळा लागायचा. आता त्यांना कुणीतरी झोपू द्या. पण परत पाठवा हं. आम्हाला दुसरे नकोत.'

बायको : काका असं म्हणाले?

सर : पाळकाच्या तक्रारीचे फोन मला पुष्कळ येतात. असा फोन पहिलाच. मंडळी अशी आपोआप होत नाही रे. कुणीतरी जीव ओतलेला असतो.

पाळक : पण नाव विसरलो मी, सर.

सर : दमलास म्हणून विसरलास. दे तो शर्ट इकडे.

बायको : गाडी आली बाहेर. सुतारकाका स्वतः आलेत, स्टेशनवर सोडायला.

पाळक : ते? वाटेत काय बोलू मी त्यांच्याशी?

बायको : काही बोलू नका. मागच्या सीटवर त्यांनी उशी ठेवलीय.