ताजी भाकरी शिळी कशी करावी

"हॅलो?… हॅलो! कोण, बायना? अगं जोरात बोल, अंबाजोगाईहून आवाज लई बारीक येतोय… हो, हो, मीच, जानकी. बरं झालं तू फोन केलास. आधी मला सांग, ताजी भाकरी झटक्यात शिळी कशी करायची?"

धाकटी बहीण पलीकडे खळखळून हसली असावी, कारण जानकीबाईंनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. त्यांचे यजमान सुंदरराव यांनी आपल्या जिनिंगच्या कचेरीत हे यंत्र कापसाच्या भावासाठी बसवले होते. भाकरीच्या चौकशीसाठी ते आजवर कोणी उचलले नव्हते.

"हसू नको गं… न्हाई, शिळीची ताजी न्हाई. ताजीची शिळी!… अगं ऐक ना. तालुकदारसाहेब आलेत मुक्कामाला… हो, तेच, मुलींच्या शाळेच्या परवानगीसाठी. त्यांची सही झाली की आपली पोर शिवकन्या शाळेत बसंल. न्हाई झाली तर साहेब चालले बीडला, आणि पुन्हा कधी येतील देव जाणे.

"हो, सांगते. काल भल्या पहाटे न सांगता दारात उभे राहिले. चूल पेटायची होती. टोपल्यात रातच्या भाकरी होत्या; टाकायच्या कावून? चुरल्या, कांदा, मिरची, शेंगदाणे, वर फोडणी… हो, कुटकेच. आईचे. साहेबांनी ताट पुसून खाल्लं बघ! मग विचारलं, 'ही काय चीज आहे?' अन् आमचे हे बोलून बसले, 'आमच्या घराण्याची खास चीज, साहेब. हिचं दळणच वेगळं असतं.'"

नवऱ्याची अब्रू झाकावी की बहिणीला सगळे सांगावे, हा जानकीबाईंपुढचा पेच फार काळ टिकला नाही.

"खोटं बोलायची गरजच काय होती, सांग! आता साहेब म्हणतेत, निघायच्या आधी तोच नाश्ता, मग सही… करू कशाचे? रातच्याला त्यांच्या शिपायांनी टोपलं झाडून खाल्लं. कणभर उरलं न्हाई. वरण उरलं होतं, तेही धपाट्यात मळून संपवलं मी. माझ्या घरी शिळं राहतच न्हाई, हीच पंचाईत!

"ताज्या भाकरीचे?… करून बघितले की. सगळा लगदा. पोटीस बांधायला चालंल असा… शेजारी? सटव्या गड्याला धाडलं होतं टोपलं देऊन, शिळी भाकरी मागायला. माणसं घाबरली गं! मालकाच्या घरी शिळं कसं द्यावं? बायडाबाईनं चूल पेटवून गरम भाकरी दिली, वर तूप सोडून. भामाबाईनं तर दुधात मळलेली दिली. टोपलं भरून आलं, शिळं एक न्हाई!

"उन्हात?… घातल्यात की, बाजेवर. हे स्वतः पंख्यानं वारा घालायलेत… आता? एक कावळ्यानं नेली. हे त्याच्यामागं धावले, तोवर कुत्र्यानं दुसरी… हो, हो, तू हसून घे."

कचेरीच्या खिडकीतून अंगण दिसत होते. बाजेवर भाकऱ्या ओळीने पहुडल्या होत्या. आणि त्यांच्याशेजारी, हातातली काठी टेकून, तालुकदारसाहेब उभे होते. सुंदररावांचा पंखा हवेतच थांबला.

"बायना, थांब. साहेब आलेत अंगणात… विचारतेत, भाकरीला वारा कशाला?… हे म्हणतेत, 'दळणाला हवा लागते.' अगं बाई! आता दळलेलं थापून, भाजून झालं, दळण कुठलं?… न्हाई, मला न्हाई ऐकवत. थांब तू, ठेवू नको."

त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि रिसीव्हर हातात तसाच धरून त्या खिडकीतून वाकल्या.

"साहेब, माफी असावी! दळण-बिळण काही न्हाई. काल तुमाला रातच्या शिळ्या भाकरी खायला घातल्या. वाया जाऊ नये म्हणून आमच्यात असंच करतेत. आज घरात शिळी न्हाई, म्हणून हे सोंग. राग धरायचा तर माझ्यावर धरा. शाळेवर धरू नका."

सुंदररावांनी पंखा तोंडापुढे धरला होता. जानकीबाईंनी हळूच रिसीव्हर पुन्हा कानाशी नेला.

"सांगितलं गं… कुणाला ठावं. मिशी हलायली त्यांची… हसतेत! बायना, हसतेत! खांदे हलेपर्यंत… काय म्हणलात, साहेब?… रात जावी लागंल, साहेब. सकाळीच होतील शिळ्या… हो, त्याच्या आधी न्हाई.

"अगं, घोड्यांची खोगिरं उतरवायला सांगितली! भाकरी शिळ्या होईस्तोवर मुक्काम म्हणे… सही? उद्या, नाश्ता झाल्यावर. म्हणतेत, असली हिशेबी चूल असलेल्या गावात शाळा चालंलच… रडत न्हाई गं, फोडणीचा धूर… बरं, न्हाई धूर. रडतेय.

"मुक्कामाला? सगळेच, शिपायांसकट… अगं पण… थांब. ते बाजेभोवती कावून बसायलेत?… कांदा फोडला एकानं! अहो! अहो शिपाईदादा! ठेवा ती खाली! तिला अजून शिळी व्हायचंय! बायना, ठेवते गं, ठेवते—"