दाबून धरणारे हात

बनशंकरी मेट्रोच्या तपासणीच्या रांगेत केतकीपुढे गिटार बनवणारे नरसिंहराव आणि त्यांचं नवं गिऱ्हाईक मुकुल उभे होते. मुकुलच्या हातात त्यांनी बनवलेली गिटार होती.

“अण्णा, ही जुन्या पद्धतीनं सरसानंच चिकटवलीत ना?”

“हो तर. कातड्याचा सरस. स्वल्प उशीर झाला की गोठतो. एकानं लावायचा, दुसऱ्यानं लगेच दाबून धरायचं.”

“पण काकू वारल्यापासून तुम्ही एकटेच ना?”

“म्हणून तर पांढऱ्या गोंदावर भागवत होतो. तो दम धरतो.”

“मग ही कोणी धरली?”

“आत उजेड टाकून बघ.”

मुकुलनं मोबाइलचा उजेड गिटारीच्या भोकातून आत टाकला. केतकीनंही मान पुढे केली.

“अण्णा, वाळलेल्या सरसात अंगठे उमटलेत. दोन तुमचे. हा बारीक तिसरा?”

“सरस तापला, तशी सवयीनं हाक मारली रे तुझ्या काकूला. आली, ती आता जायचं नाव घेत नाही.”