जुनी पिशवी आधी

वहिनी : आणि पडद्याकडे पाठ करूनच बसू म्हणतेस? धाकट्या नणंदेसमोर तोंडी परीक्षा. काय दिवस आलेत माझे.

नणंद : वहिनी, घरी तुम्ही मोठ्या, ऑफिसात नियम मोठा. प्रोग्राम बाहेर जाण्याआधी लिहिणाऱ्याने तो पडद्याकडे न बघता साध्या मराठीत दुसऱ्याला सांगायचा. अडखळला, की पुन्हा बघायचा.

वहिनी : मग त्या एआयला बसव इथे. निम्म्याहून जास्त त्यानेच लिहिलंय.

नणंद : तो अडखळतच नाही, तिथेच तर घोळ आहे. चुकीचंही ठासून सांगतो. चला, सुरू करा. उद्या सकाळी रक्तपेढीला द्यायचंय, आणि दुपारी माझ्या भागीदाराला तुमचं काय ते सांगायचंय.

वहिनी : माझं काय?

नणंद : तुम्हाला कायम करायचं की नाही. तो म्हणतो, एआय एवढं करतोय तर आणखी एक माणूस कशाला?

वहिनी : खोटं नाही बोलत बिचारा. लेकीसाठी नोकरी सोडली तेव्हा जे येत होतं, त्याला केव्हाच बुरशी आली. सुरुवातीला एआयला मी एकच गोष्ट पाच-पाचदा विचारायचे. इथल्या पोरांना विचारली असती तर एकमेकांकडे बघून हसली असती. तो एकदाही वैतागला नाही गं. दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं समजावायचा. कुणी काही म्हणो, त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

नणंद : माझ्यावरही आहेत. एवढं काम इतक्या लवकर आटपेल असं स्वप्नात नव्हतं. आता विषय टाळू नका. सांगा.

वहिनी : सांगते, बाई. रक्ताची पिशवी आली की तिचा गट आणि मुदत नोंदवायची. हॉस्पिटलची मागणी आली की गट जुळणाऱ्या पिशव्या शोधायच्या. त्यातली जिची मुदत आधी संपते ती आधी द्यायची, म्हणजे रक्त वाया जात नाही. मग मागणी कुणाचीही असो...

नणंद : थांबलात का?

वहिनी : कुणाचीही असो, असं म्हणाले ना मी?

नणंद : हो. का?

वहिनी : आपली छोटी जन्मली तेव्हा तिच्या अंगातलं रक्त बदलायचं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतं?

नणंद : ताजं आणा. ताज्यातलं ताजं.

वहिनी : आणि रक्तपेढीतल्या माणसाने आधी जुनी पिशवी पुढे केली. तू काउंटरवर ठाण मांडून बसलीस, ताजी घेतल्याशिवाय हलली नाहीस. तुझा भाऊ अजून सांगतो सगळ्यांना. आणि आपला प्रोग्राम? तो प्रत्येक बाळापुढे जुनीच पिशवी करेल.

नणंद : पण चाचण्या घेतल्या होत्या ना? सगळ्या पास होत्या.

वहिनी : चाचण्याही मी एआयकडूनच लिहून घेतल्या. परीक्षेला बसणाऱ्याच्याच हातात लाल पेन दिलं. नापास कोण करणार?

नणंद : आणि जुनी पिशवी आधी, हे त्याला कुणी सांगितलं?

वहिनी : मी. मला तू सांगितलंस.

नणंद : म्हणजे भांडले मीच आणि विसरलेही मीच.

वहिनी : तुझ्या मागे शंभर कामं. मी तर आई आहे तिची. तू भागीदाराला सांगून टाक, माझ्याने नाही व्हायचं. आज तोंडातून गेलं म्हणून कळलं, नाहीतर कुणाचं तरी लेकरू...

नणंद : रडायचं ते नंतर रडा. आधी एआयला लिहा, काय राहिलंय ते.

(कीबोर्डच्या कळांचा आवाज.)

वहिनी : म्हणतो, बरोबर आहे, नवजात बाळांसाठी वेगळा नियम हवा. लिहूनही दिला, हा बघ. आणि वर मलाच विचारतोय, मागणीच्या अर्जात वय कुठेच नाही, मग पिशवी बाळासाठी आहे हे प्रोग्रामला कळणार कसं?

नणंद : हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

वहिनी : माझ्याही. एवढा शहाणा, तर इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून का बसला होता?

नणंद : तुम्ही बाळाचं नाव काढेपर्यंत त्याच्यासाठी बाळ नव्हतंच, वहिनी. आता असं करू. रक्तपेढीला मी कळवते, उद्या देत नाही म्हणून. तिथल्या डॉक्टरांनाच विचारू, ताजं रक्त आणखी कुणाकुणाला लागतं. आणि या वेळी चाचण्या तुम्ही लिहायच्या. स्वतः.

वहिनी : मी? आणि तुझा भागीदार?

नणंद : त्याला सांगते, एआय हवाच, त्याच्यावाचून आता आपलं पान हलत नाही. पण तो लिहील ते ऐकताना मध्येच थांबणारं माणूसही हवं.

वहिनी : नात्यातली म्हणून ठेवली, म्हणेल तो.

नणंद : म्हणू दे. नात्यातल्या आहातच.

वहिनी : एक विचारू? हसू नकोस हं. एआयचे आभार मानले तर चालतं का?

नणंद : चालतं की. मी मानते अधूनमधून. फुकटच तर आहेत.

वहिनी : आणि तुझे कोण मानणार? त्या दिवशी तू पिशवी आणलीस, डॉक्टर ती घेऊन आत पळाले, आणि तू दारातच उभी. तुला साधं पाणी कुणी विचारलं नाही. माझी लेक आज आहे ती तुझ्यामुळे. आणि मीही आज या खुर्चीत आहे ती तुझ्यामुळेच.

नणंद : छोटीची शाळा सुटते किती वाजता?

वहिनी : चारला. का गं?

नणंद : मग रोज साडेतीनला निघत जा. राहील ते एआय आणि मी बघू.