दोन डोळ्यांच्या मधे

चहा अर्धाच दे रे, कारण सांगतो. पेणच्या कारखान्यात मी गणपतीचे डोळे आखतो, ठाऊक हाय तुला. दोन्ही डोळे एकाच बैठकीत आखायचे, नायतर नजर जुळत नाय. प्रोस्टेट वाढल्यापासून मला मधेच लघवीला उठावं लागतं. रोह्याचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या, थोडी चक्कर येईल. नाहीतर ऑपरेशन, मग महिनाभर आराम."

चक्कर आली तर हात हलणार. आरामाला बसलो तर सीझन गेला. काय करू, कळतच नाय.

काल एक डोळा आखून उठलो. परत येऊन दुसरा आखला, तर बाप्पा चकणा!

शेठ हळूच म्हणाला, "काका, तुम्ही आता उंदीर रंगवा."

मी म्हटलं, "शेठ, उंदरालापण दोन डोळे असतात."