एक सुरंग राह्यला

—न्हाई दादा, उलटी घातली तुम्ही टोपी. पट्टा हनुवटीखाली घ्या. आत दगड काही पडत न्हाई, पण मुकुंदसाहेबांचा हुकूम हाय—टोपीबिगर कोणाला सोडायचं न्हाई. खदान चालू होती तव्हा आमच्या माणसांच्या डोक्याला फडकं राहायचं. आता खदान बंद हाय, तर टोपी. हासा, हासा, मी बी हासते. राजूरच्या गणपतीहून आले असाल ना? सगळे तिकडूनच येतेत. आधी देवाला म्हणायचं, संकट टाळ—मंग इथं तिकीट काढायचं, जरा भेव वाटू दे म्हणून. आत काय हाय? अंधार हाय, पाणी टिपकतं, लोखंडी पूल हालतो. मी इथून वरडते—सुरंग हाय, सरका—का आत कडूबा बटन दाबतो, कॅसेटवर तीन सुरंग उडतेत, लाल दिवे लागतेत, पोरी किंचाळतेत. बिलकुल खऱ्यावानी, म्हणतेत लोक.

आता बघा, डोंगरात आत जायचा हा रस्ता, हा बी सुरंग—अन् बारूद भरून उडवायचा, तो बी सुरंगच. खदानीत दोन्हीला एकच शब्द. साहेब म्हणतेत, मावशी, रस्त्याला बोगदा म्हणा. म्हणू की आता. तव्हा कोणी म्हणलं असतं तर—जाऊ द्या. न्हाई, तसं काही न्हाई. ठेकेदारानं आमच्या ह्यांना सांगितल्तं, दोन्ही सुरंग झाडून घे. आमचे हे म्हंजे मच्छिंद्र—होते तव्हा नाव घेत नव्हते मी, आता घेते. एक सकाळीच झाडून झाल्ता. दुसऱ्यात कडूबानं बारूद उडवली. तो आवाज मोजायचा. एक कमी भरला, तसं त्यानं वरडून सांगितलं, “एक सुरंग राह्यला!” ह्यांना वाटलं, झाडायचा राह्यला. “हो, जाऊन राह्यलो की,” म्हणले, अन् घमेलं घेऊन आत गेले. कडूबाला वाटलं, लांब जाऊन राह्यले. अन् हे आत असतानीच तो राह्यलेला उडला. दोघं बी बराबरच बोलले, दादा. चूक काढायला गेलं तर सापडत न्हाई, हेच वाईट.

कडूबाशी बोलत न्हाई मी. तव्हापासून न्हाई. दुपारी भाकर नेऊन ठेवते त्याच्याजवळ, ते येगळं—त्याला तरी कोण हाय करून घालायला? राग हाय मला, अजून हाय, पण धरू कोणावर, त्याच्यावर का शब्दावर? साहेब म्हणले, मावशी, तुमचं वरडणं बी कॅसेटात भरून घेऊ, घसा दुखतो तुमचा. म्हणलं, न्हाई. हे रोज मीच वरडीन.

झाला पट्टा? थांबा जरा. माणसं सोडायच्या आधी कडूबा एकदा वाजवून बघतो—सुरंग हाय, सरका!—हां, हा एक. हा दुसरा. आता...

आता का गप?

काय म्हणला तो? ऐकलं तुम्ही? एक राह्यला म्हणला?—न्हाई दादा, मागं व्हा. टोपी द्या इकडं. अडकली असंल कॅसेट, म्हाईत हाय मला ती कॅसेट हाय ते. तरी न्हाई. साहेबांना सांगा, गोजरबाईनं सोडलं न्हाई. सरका तिथून—कडूबाभाऊ! ऐकू येतं का? बटन ऱ्हाऊ द्या. बाहेर या. बाहेर, भाऊ—इकडं, माझ्याकडं, बाहेर.